बेगमचं औषध आणि मामांची रब्बी

मांजराच्या पोटातला केसांचा गोळा घरच्या घरी कसा काढावा, हे अख्ख्या उस्मानपुऱ्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! आमची बेगम, म्हणजे लांब केसांची पांढरी मांजर, दिवसभर स्वतःला चाटायची आणि मग 'खॅक् खॅक्' करत घरभर फिरायची. गोळा काही पडायचा नाही.

शैला, माझी बायको, एकदाच बोलली. "दसऱ्यापर्यंत हे खोकणं थांबलं नाही, तर मांजर घरात दिसायला नको!"

मी पेटलोच! बेगमवर माझा लई जीव. ऑफिसातून आल्यावर माझ्याकडं कौतुकानं बघणारं घरात तेवढं एकच!

आधी पंजांना साजूक तूप लावलं. चाटेल, गोळा सरकेल! बेगम न चाटता शैलाच्या इस्त्रीच्या साड्यांवरून चालत गेली. मग लाल भोपळा उकडला. बेगमनं वास घेतला आणि पंजानं फरशी खरडून तो पुरायला लागली. तो भोपळा रात्री मलाच वाढण्यात आला. शेवटी रामबाण उपाय, गव्हाची कोवळी पात! फुटक्या बादलीत गहू पेरला. काय हिरवागार उगवला! बेगम त्यात जाऊन झोपली.

त्यातच नवरात्र आलं. चितेगावला माझ्या सासऱ्यांच्या, कारभारी मामांच्या घरी सुतक. त्यांनी रानातली माती आणि गहू, हरभरा, ज्वारीचं बियाणं आमच्याकडं धाडलं. "औंदा घट तुमच्याकडं बसवा. त्यात जे जोमानं उगवंल, तेच रब्बीला पेरू!"

अष्टमीला सकाळी देवघरात डोकावलो आणि मला घामच फुटला! घटात हरभरा ताठ, ज्वारी ताठ, आणि गहू? न्हाव्यानं मशीन फिरवल्यागत साफ! शेजारी बेगम मिशा पुसत बसलेली.

तेवढ्यात दारात मामा हजर, सुतक कालच फिटलेलं! चष्मा लावून घटापुढं वाकले.

"अरारारा! गहू तर उगवलाच नाय! अन् हरभरा बघा की, काय माजलाय!"

शैला चक्रावली. "काल तर गहू होता की, आबा!"

"अगं, तो हरभराच!" मी घाईनं म्हणालो. "तुला आता ओळखू येईना!"

"व्हय," मामा हळहळले, "पोरगी पार शहराची झाली."

खरं सांगावं तर बेगम गेली! मी तोंड मिटलं. मामांनी तिथूनच माझ्या मेव्हण्याला फोन लावला, "बद्रीनाथ! गहू रद्द! समदं रान हरभऱ्याला घाल!"

दसऱ्याला घट उठवायचा होता. घटातलं धान टोपीत खोवायची आमच्याकडं रीत. मामांनी पांढरीशुभ्र टोपी पाटावर काढून ठेवली, हात जोडले, डोळे मिटले. आणि बेगम आली.

खॅक्! खॅक्! खॅऽऽक्!

"पडला! गोळा पडला!" मी आनंदानं नाचलोच!

पडला तो थेट टोपीत. केसांचा गच्च गोळा आणि त्यात लांबच लांब हिरव्या पाती! मामा वाकले. शेतकरी माणूस, पात ओळखायला उशीर लागतो होय?

"हा तर गहू!"

शैला माझ्याकडं वळली. "हरभरा काय?"

मामा फोनवर ओरडले, "बद्रीनाथ, थांबव रं!"

"आबा, झालं की पेरून! कालच!"

बेगम वाचली. खोकणं दसऱ्याला थांबलं होतं, शैलाची अट पुरी झाली! मामांनी मात्र माझ्याशी बोलणंच टाकलं! पण गंमत बघा, त्या थंडीत चितेगावात सगळ्यांच्या गव्हावर तांबेरा रोग पडला आणि मामांचा हरभरा असा आला, असा आला की लोक बांधावर येऊन बघून जायचे!

यंदा नवरात्राआधी मामांचा स्वतःहून फोन आला! "जावईबापू, औंदा घट आमच्याकडं. पण मांजर तेवढं पाठवून द्या. गाडी धाडतो."

मी टम्म फुगलो! "मामा, बेगमबरोबर मी पण येतो की!"



"तुम्हाला कुठं सुटी मिळती? मांजर आलं तरी बास."