बोलेल त्याने दोन घ्यावेत

उत्तम मिस्त्रींच्या घरी रविवारी दुपारी तीन ते पाच बोलायला बंदी होती. शेजारी असो, दारावरची भाजीवाली असो की खुद्द त्यांचा व्याही असो, त्या दोन तासांत उंबऱ्याच्या आत कुणी शब्द काढला की मिस्त्री एका हाताचं बोट तोंडावर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर करायचे. दोन बोटं म्हणजे दंड, आणि दंड म्हणजे फरशीचे दोन तुकडे. व्याह्यांना हे ठाऊक नव्हतं. ते ‘रामराम’ म्हणत आत आले आणि चप्पल काढायच्या आत त्यांच्या हातात दोन तुकडे पडले. बिचारे ते तुकडे तसेच हातात धरून पाच वाजेपर्यंत खुर्चीवर बसून राहिले.

तीन वर्षांपूर्वी मी जिंतूरला बदलून आले, तेव्हा मिस्त्रींच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर भाड्यानं घेतलं. कचेरीत कारकून, घरी एकटी. आठच दिवसांत स्वयंपाकघरातली एक फरशी उचकटली. शेजारच्या निर्मलाकाकू म्हणाल्या, “मिस्त्रीला सांगा की. गुडघे गेल्यापासून घरीच असतेत.” मिस्त्री आले. साठीचे, उंच, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. खाली बसता येत नव्हतं, म्हणून स्टुलावर बसून, वाकून त्यांनी फरशी बसवली. चहा नको म्हणाले. जाताना माझ्या हाताकडे बघून विचारलं, “हात चालतो का?”

मला कळेना. म्हटलं, “कशाला?”

“रविवारी तीनला या. आणि मोबाइल घरी ठिवून या.”

असा माझा त्या खेळात प्रवेश झाला.

खेळ मिस्त्रींनी स्वतः तयार केला होता. आयुष्यभर लोकांच्या घरी फरश्या बसवल्या, त्यातल्या उरल्यासुरल्या टाइल्स कापून त्यांनी दोन-दोन बोटं रुंदीचे ऐंशी चौकोनी तुकडे केले होते. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. रंग चार: पांढरा, हिरवा, निळा, मरून. प्रत्येक रंगावर फूल, पान, रेघ, चौकट किंवा ठिपका. मधे प्लायवूडची फळी, बाजूला पालथ्या तुकड्यांचा ढीग. प्रत्येकानं दहा तुकडे घ्यायचे आणि आपल्या पुढ्यात उताणे मांडायचे. मग मिस्त्री ढिगातला एक तुकडा फळीवर उलटा करायचे, आणि खेळ सुटायचा. फळीवर मरून फूल असेल तर कुठलंही फूल चालतं, कुठलाही मरून चालतो. ज्याला आधी दिसेल त्यानं आधी ठेवावा. त्यावर पुढच्यानं, त्यावर त्याच्या पुढच्यानं. ज्याचे सगळे संपतील त्यानं फळीवर पंजा ठेवायचा. तो जिंकला.

पहिल्या दिवशी मी विचारलं, “माझी पाळी कधी?”

मिस्त्री म्हणाले, “पाळी रेशनच्या दुकानात असती. हितं डोळा असतो.” आणि घड्याळात तीन वाजून एक मिनिट झालं होतं म्हणून लगेच दोन बोटं वर केली. मला दोन, आणि त्यांनी स्वतःलाही दोन.

नियमांत ते कुणाला सोडत नसत. दोघांनी एकदम ठेवला तर खालचा खरा. चुकीचा ठेवला तर तो परत आणि वर एक. तुकडा आपटायचा नाही, ठेवायचा, फरशी फुटते. ‘हुं’ म्हणणं हे बोलणंच. खोकला चालेल, पण खराच आला पाहिजे. हसायला परवानगी होती, आवाज न करता. निर्मलाकाकूंना हे काही जमत नसे. त्या चांगल्या खेळायच्या, पण एक फूल मिळालं की “अगं बाई!” म्हणायच्याच. साडेचारपर्यंत त्यांच्यापुढे इतके तुकडे साचायचे की त्यात एखादी न्हाणी झाली असती. “हा कसला वो खेळ?” त्या पाच वाजून एक मिनिटानं म्हणायच्या. “माणूस खेळतो कशाला? चार शब्द बोलायला. मसणात बसल्यावानी बसवतेत.” पण पुढच्या रविवारी तीनला त्याच पहिल्या हजर.

जिंकायच्या मात्र कौसाबाई, मिस्त्रींची बायको. बारीक चणीच्या, सिमेंटनं बोटांची नखं कायमची चिरलेली. त्यांचा हात कधी निघाला आणि कधी परत आला हे कळायचं नाही. एरवी त्या फार बोलत नसत. आपण काही सांगू लागलो की टक लावून आपल्या तोंडाकडे बघायच्या. माझ्या दातात काही अडकलंय की काय म्हणून मी दोनतीनदा घरी येऊन आरशात पाहिलं होतं. मिस्त्री त्यांच्याशी ओरडूनच बोलायचे. “कौसे! भाकर!” हे आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. मला वाटायचं, काय हा माणूस, बायकोशी एक शब्द धड बोलत नाही.

मग वैशाखातला तो रविवार आला.

ऊन असं होतं की पत्र्याच्या शेडमधून आणलेल्या तुकड्यांच्या पोत्यालाही हात लावता येत नव्हता. मिस्त्रींनी पोतं फळीजवळ रिकामं केलं, तिथंच दुमडून ठेवलं आणि आम्ही चौघं बसलो. मिस्त्री स्टुलावर, आम्ही तिघी खाली. डाव रंगला होता. कौसाबाईंचे तीन तुकडे उरले होते, माझे चार. तेवढ्यात निर्मलाकाकू किंचाळल्या, “इंचू! वहिनी, इंचू हाय! मागं सरा!”

पोत्याच्या घडीतून निघालेला काळा विंचू नांगी उभारून कौसाबाईंच्या मांडीकडे सरकत होता. मी “आई गं!” करत उभी राहिले. काकू भिंतीला चिकटल्या. कौसाबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांची नजर फळीवर होती. आमचे हात थांबलेले त्यांना दिसले, आणि त्यांनी संधी साधली. निळं पान ठेवलं. निळी चौकट ठेवली. हिरवी चौकट ठेवली. फळीवर पंजा टेकवला आणि लहान मुलीसारखं हसत वर पाहिलं.

त्याच क्षणी मिस्त्री स्टुलावरून उठले. ज्या माणसाला उठायला भिंतीचा आधार लागायचा, त्यानं झेप घेतली. दोन्ही हातांनी बायकोला बाजूला ढकललं, त्या कुशीवर पडल्या, आणि मिस्त्रींनी मुठीतल्या तुकड्यानं विंचू तिथंच चिरडला.

कौसाबाईंना काहीच कळलं नव्हतं. कोपर चोळत त्या म्हणाल्या, “जिंकले म्हणून ढकलता व्हय?” डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांना विंचू दिसला. मग आमचे चेहरे दिसले. काकू एवढ्या किंचाळल्या होत्या की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं होतं, आणि हे सगळं आपल्याला ऐकू आलं नाही, हे आता या दोघींना कळलंय, हेही त्यांना दिसलं. त्यांनी पदर सारखा केला आणि खाली बघत बसल्या.

मिस्त्रींनी विंचू सुपलीत घेऊन बाहेर टाकला. परत आले, स्टुलावर बसले. ढिगातून दोन तुकडे काकूंना दिले, दोन मला. कौसाबाईंच्या पुढ्यातही त्यांनी दोन ठेवले. म्हणाले, “बोलंल त्यानं दोन घ्याचे. खेळ चालू हाय.” आणि हे बोलल्याबद्दल स्वतःला दोन घेतले. निर्मलाकाकू त्या दिवशी पाच वाजेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघाले होते, तर मिस्त्री दारात. हातात थापी. “ती फरशी हलायलीय का बगतो,” म्हणाले. फरशी हलत नव्हती. तरी ते स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिले.

“तुमाला कळलंच असंल, म्याडम.”

“कधीपासून आहे?”

“नऊ वर्सं. आधी एक कान, मग दुसरा. लय जोरात वरडलं की येतंय थोडं.” त्यांनी थापी मांडीवर ठेवली. “आमी दोघं जोडीनं काम करायचो. मी मशीनीवर फरशी कापायचो, ती पात्यावर पाणी सोडायची. पातं फरशीत घुसताना कसं वरडतंय, ऐकलंय का? हितं पातं, आन् हितं तिचा कान.” दोन हातांत त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. “पंचवीस वर्सं. मी कानात कापूस घालायचो. ती म्हनली, मलाबी द्या. मी म्हनलो, दोघांनी घातला तर मी हाक मारल्यावर ऐकणार कोन?”

थापीला चिकटलेलं सिमेंट त्यांनी नखानं खरवडलं. मग म्हणाले, “पुतणीच्या लग्नात बाया बसल्या होत्या. समद्या हसल्या की ही त्यांच्याकडं बगून मागून हसायची. एकीनं तिची नक्कल केली. तवापासून ती कुठं जातच न्हाई. बारसं न्हाई, हळदीकुंकू न्हाई.” परभणीला लेकीकडे गेले असताना त्यांनी नातीचा प्लास्टिकच्या तुकड्यांचा खेळ पाहिला होता. त्यात जोडी जुळली की सगळ्यांनी मोठ्यानं ओरडायचं असतं. “म्हनलं, खेळ बेस हाय. फकस्त वरडायचं काढून टाकायचं. समदेच गप बसले तर कोन बहिरं आन् कोन चांगलं, कुणाला कळणार?”

ऐंशी तुकडे त्यांनी गावाबाहेर, एका मोकळ्या शेतात मशीन नेऊन कापले होते. कौसाबाईंना त्या चार दिवसांत माहेरी धाडलं होतं.

मी म्हटलं, “डॉक्टरला दाखवा. यंत्र मिळतं कानाचं.”

“डॉक्टर इचारल कशानं झालं. तिच्या म्होरं मी काय सांगू? तिला वाटतंय वयानं झालं.”

“काल विंचू होता, मिस्त्री. उद्या रस्त्यावर मागून ट्रक असेल.”

ते थापी घेऊन निघून गेले. मला वाटलं, दुखावले. गुरुवारी पुन्हा दारात उभे. “एक दिवस सुट्टी काढता का? तिथलं कागदपत्राचं मला उमगायचं न्हाई.”

आम्ही तिघं एसटीनं परभणीला गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, कौसाबाईंच्या समोर बसून, ओठ सावकाश हलवत बोलत होती. “मावशी, काम काय करत होतात?”

“घरीच असती,” मिस्त्री घाईनं म्हणाले. “घरकाम.”

कौसाबाई डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, “मशीनीवर होते. यांच्यासंगं, पंचवीस वर्सं. त्यानंच गेलेत कान. मशीन बंद केली तरी घरी आल्यावर कानात चालूच ऱ्हायची.”

मिस्त्रींनी मान खाली घातली. “तुला ठाऊक होतं?” ते पुटपुटले. इतक्या हळू की कौसाबाईंना ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं, तर मिस्त्रींनी हातानंच मला नको म्हटलं.

दोन आठवड्यांनी यंत्र बसवायला पुन्हा गेलो. डॉक्टरनं ते कानामागे लावलं, काही तरी फिरवलं. कौसाबाई दचकल्या. वर पंख्याकडे पाहिलं. टेबलावरचा कागद हलला तशा त्याच्याकडे वळल्या. स्वतःच्या बांगड्या वाजवून बघितल्या. डॉक्टर मिस्त्रींना म्हणाली, “काका, आता तुम्ही बोला. ओरडू नका. आपण बोलतो तसं, साधं.”

नऊ वर्षं मिस्त्री बायकोशी साधं बोलले नव्हते. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “कौसे, पाणी पितीस का?”

कौसाबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

“तुमी बोललात?”

“हां.”

“असा झालाय व्हय तुमचा आवाज?” त्यांनी कानामागच्या यंत्राला बोट लावून पाहिलं. “म्हातारा झाला की वो.”

मिस्त्रींनी तोंडावर पंजा ठेवला. खांदे हलत होते. डॉक्टर उगीच कागद चाळू लागली. मी पाण्याची बाटली भरून आणते म्हणून उठले.

दार लोटताना कौसाबाई म्हणत होत्या, “गप काहून बसलात? बोला की. सवय होऊ द्या मला.”

“त्या मशीनीचं...” मिस्त्री म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या ते. दुसरं बोला.”

मी बाटली भरून आले तरी आत गेले नाही, बाहेरच्या बाकावर बसले. मिस्त्री सांगत होते की येताना एसटीत गोंधळ झाला ते भांडण नव्हतं, मागच्या सीटवरच्या बाईची कोंबडी पिशवीतून निसटली होती; ती ड्रायव्हरपर्यंत गेली, एका म्हाताऱ्याच्या टोपीवर बसली आणि शेवटी कंडक्टरनं ती धरली. कौसाबाई मधेच विचारत होत्या, मग काय झालं, मग ते काय म्हनले. सांगता सांगता मिस्त्रींचा आवाज सवयीनं दोनदा वर चढला, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो थांबून खाली आणला.