हसबनीसांचा पाकीटमार

व्हाल्मोरा शहरात उतरणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला नगरपालिका एक पाकीटमार नेमून देते. साताऱ्याच्या कमलाकर आणि विजया हसबनीस यांच्या वाट्याला बेनितो आला.

पूर्वी तिथे अशी व्यवस्था नव्हती. एखाद्या पर्यटकाला सकाळपासून चार-पाच जण लुटायचे आणि दुसरा कुणी न लुटताच घरी जायचा. दोन्ही बाजूंनी तक्रारी येत. शेवटी नगरपालिकेने वाटणी करून दिली. नेमलेल्या पाकीटमाराशिवाय कुणी पर्यटकाच्या खिशाला हात लावायचा नाही, आणि पाकीटमारानेही मुक्काम संपायच्या आत आपले काम उरकायचे. तेव्हापासून शहरात शांतता आहे.

बेनितो स्टेशनाच्या दारात उभा होता. पन्नाशी उलटलेला, मिशा पिकलेल्या, गळ्यात नगरपालिकेचा बिल्ला. त्याने वाकून नमस्कार केला.

"मी तुमचा पाकीटमार," तो इंग्रजीत म्हणाला. "प्रवास ठीक झाला ना?"

इंग्रजी तिघांचेही सारखेच कच्चे असल्यामुळे बोलणे सोपे गेले.

कमलाकर हसबनीस शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. युरोपला जायचे ठरल्यापासून ते मोबाइलवर चोऱ्यांचे व्हिडिओ बघत होते. शिंप्याकडून त्यांनी बनियनला आतून चेनचा खिसा शिवून घेतला होता. पासपोर्ट मोज्यात होता. पाठीवरची पिशवी ते पोटावर अडकवत आणि तिला सायकलचे कुलूप लावत. बेनितोने हे सगळे एका नजरेत पाहिले आणि त्याचा चेहरा जरासा उतरला.

"तुम्ही तयारीने आलात," तो म्हणाला.

"यावंच लागतं," हसबनीस म्हणाले.

पहिल्या दिवशी बेनितोने आपल्या परीने प्रयत्न केले. चौकात त्याला जमिनीवर एक पिवळी अंगठी सापडली.

"ही तुमची पडली का, प्रोफेसर?"

"ही अंगठीची युक्ती आहे. पितळेची असते."

"हो. जुनी झाली आता," बेनितोने कबूल केले आणि अंगठी खिशात ठेवली.

पुलावर त्याने विजयाबाईंच्या मनगटात रंगीत दोरा बांधायला घेतला, तेव्हा हसबनीसांनी दुसऱ्या हातातली पर्स आपल्याकडे घेतली. कारंज्यापाशी त्यांच्या खांद्यावर आइस्क्रीम सांडले. बेनितो रुमाल घेऊन पुसायला धावला. हसबनीस दोन्ही हातांनी पोटावरची पिशवी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पुसा, सावकाश पुसा." त्याने सगळा डाग नीट काढून दिला.

मात्र फिरण्याच्या दृष्टीने दिवस उत्तम गेला. दर न लिहिलेल्या हॉटेलात बेनितोने त्यांना बसू दिले नाही. मीटरवर फडके टाकलेली टॅक्सी त्याने परत पाठवली. मुक्या मुलांसाठी सह्या मागणारा एक माणूस जवळ आला, त्याला त्याने बाजूला घेऊन खडसावले. स्वतःही मुका असल्याचे सांगणारा तो माणूस "माफ करा, ठाऊक नव्हतं," असे म्हणून निघून गेला.

"माझ्या माणसांना दुसऱ्याने फसवायचं नाही," बेनितो परत येऊन म्हणाला. त्याचा श्वास चढला होता.

संध्याकाळी ओदिलियाबाई सायकलवरून आल्या. त्या नगरपालिकेच्या पर्यवेक्षक होत्या आणि सगळ्या पर्यटकांकडे रोज एकदा जात.

"काही गेलं का?"

"नाही," हसबनीस म्हणाले.

ओदिलियाबाईंनी बेनितोकडे पाहिले. बेनितो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना विजयाबाईंना दिसले की बेनितोचा कप बशीवर वाजतो आहे. त्यांनी त्याचा हात सरळ आपल्या हातात घेतला. बोटे थरथरत होती.

"कधीपासून?"

"कुणी बघत असलं की होतं, ताई," बेनितो म्हणाला. ताई हा शब्द त्यांनीच त्याला आदल्या दिवशी शिकवला होता. "एकटा असताना हात दगडासारखा स्थिर असतो. पण हल्ली सगळेच बघतात. सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेले असतात."

मग त्याने सांगितले की हा हंगाम फार वाईट गेला. हसबनीसांकडेही जमले नाही, तर त्याची बदली होणार होती. शहराबाहेर एक बसथांबा आहे, पूर्वी तिथे बस थांबायची. तिथे नेमलेले दोन पाकीटमार दिवसभर एकमेकांचे खिसे मारतात आणि संध्याकाळी वस्तू परत करतात.

"माझे वडील याच चौकात होते," तो म्हणाला. "लोक त्यांच्याकडून लुटून घ्यायला लांबून यायचे."

विजयाबाईंनी पिशवीतून बाम काढून त्याच्या बोटांना चोळला. बेनितो हात धुवायला आत गेला, तशा त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, जरा निष्काळजी व्हा की."

"जमायचं नाही गं. आणि मुद्दाम केलं तर ती चोरी कसली?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. पर्यटकाच्या लक्षात येऊन गेलेली वस्तू देणगी समजली जाते आणि देणग्यांचा विभाग वेगळा आहे. तरीही विजयाबाईंनी पर्सची चेन उघडी टाकून पाहिली. बेनितो बाहेर आला, त्याने पर्स पाहिली आणि चेन लावून दिली.

"ताई, हे चालत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "पण आभारी आहे."

 परतताना हसबनीस म्हणाले, "वर्गात फळ्यावर लिहिताना एखाद्या पोराचा हात थरथरायला लागला ना, की मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहायचो. तेवढ्यानं लिहायचं ते."

"मग?"

"मग काय. तेव्हा खिडकीबाहेर बघायची मला परवानगी होती."

 तिसऱ्या दिवशी, म्हणजे मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी, विजयाबाईंनी किल्ला बघायचा बेत रद्द केला आणि नकाशांच्या दालनात जायचे ठरवले. का, ते नवऱ्याला सांगितले नाही. नकाशापुढे या माणसाला जेवणाचीही शुद्ध राहत नाही, हे त्यांना संसारातून ठाऊक होते.

दालनाच्या फरशीवर जगाचा एक भला मोठा जुना नकाशा कोरलेला होता. लोक कडेकडेने चालत होते. हसबनीस आफ्रिकेवरून सरळ हिंदुस्थानात गेले आणि थबकले.

"विजया, इकडे ये. हे बघ काय करून ठेवलंय."

नकाशा करणाऱ्याने कृष्णा नदी अरबी समुद्राला मिळवली होती.

हसबनीस गुडघ्यांवर बसले. पिशवी अडचण करू लागली म्हणून त्यांनी ती मागे ढकलली. "महाबळेश्वरला उगम," ते फरशीवर बोट टेकून म्हणाले. "इथून पश्चिमेचा समुद्र दिसतो म्हणा ना. पण ती तिकडे जात नाही. ही अशी आमच्या साताऱ्यावरून, ही वाई, हे माहुली, आणि मग सगळा देश ओलांडून पूर्वेला."

"समुद्र इतका जवळ असून?" बेनितोने विचारले. तोही शेजारी गुडघे टेकून बसला होता.

"उतार तिकडे आहे. नदीला जवळचं-लांबचं नसतं, उतार असतो."

भोवती माणसे जमली. हसबनीस सह्याद्रीच्या कड्यावर हात फिरवत राहिले, उपनद्या एकेक करून आणून कृष्णेत सोडत राहिले. मराठी आणि इंग्रजी मिसळून गेले होते आणि कुणाचे काही अडत नव्हते. विजयाबाई खांबाला टेकून बघत होत्या. लग्न झाले तेव्हा हे वर्गात असेच शिकवत असत. शाळेच्या कुंपणाबाहेर थांबून त्यांनी ते चोरून ऐकले होते. बेनितोवर लक्ष ठेवायचे त्या पार विसरून गेल्या.

समुद्र गाठून झाल्यावर हसबनीस उठले. दारात ओदिलियाबाई उभ्या होत्या.

"काही गेलं का?"

हसबनीसांनी बनियनचा खिसा चाचपला. वाकून मोजा पाहिला. पिशवीचे कुलूप ओढले. विजयाबाईंनी मंगळसूत्र, पर्स, घड्याळ तपासले.

"नाही हो," हसबनीस म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच वाईट वाटले.

"बेनितो?" ओदिलियाबाई म्हणाल्या.

बेनितोने कोटाच्या आतून एक चामड्याचा पट्टा काढला आणि दोन्ही हातांवर धरून पुढे केला. हात स्थिर होते.

हसबनीसांनी कमरेला हात लावला. पट्टा नव्हता. पोटामुळे पँट जागच्या जागी राहिली होती.

"कधी?" त्यांनी विचारले.

"भीमा येऊन मिळाली तेव्हा," बेनितो म्हणाला.

हसबनीसांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास," ते मराठीत म्हणाले.

ओदिलियाबाईंनी पट्टा उलटापालटा करून पाहिला. "जुना आहे. मालकाला परत हवा असेल तर मागता येतो. मागितला तर ही चोरी धरली जाणार नाही. तुम्हाला हवा आहे का?"

हा पट्टा विजयाबाईंच्या वडिलांनी लग्नात दिला होता. ते कोल्हापूरला चामड्याचे काम करत आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने शिवला होता. हसबनीसांनी पुढे तीनदा भोक वाढवून घेतले, पण दुसरा पट्टा कधी लावला नाही. त्यांनी पट्ट्याकडे पाहिले, मग बायकोकडे. विजयाबाईंनी अगदी थोडी मान हलवली.

हसबनीसांनी डाव्या हाताने पँट धरली आणि ते सरळ उभे राहिले.

"मी लुटला गेलो आहे," ते म्हणाले. "माझी काही मागणी नाही."

ओदिलियाबाईंनी बेनितोशी हस्तांदोलन केले आणि सायकलवर बसून गेल्या. विजयाबाईंनी पिशवीतून परकराची जादा नाडी काढली आणि खांबाआड नेऊन नवऱ्याच्या पँटला ओवून दिली.

दुपारी बेनितो त्यांना गाडीवर सोडायला आला. त्याने पट्टा लावलेला होता, सर्वांत आतल्या भोकावर. विजयाबाईंनी त्याला बामची बाटली दिली. ती त्याने देणगी म्हणून घेतली. गाडी हलल्यावरही तो फलाटावर चालत राहिला, "ताई, पुढच्या गावात टॅक्सीचा मीटर बघा," असे सांगत.

पुढचे शहर मोठे होते. स्टेशनाच्या दारात दोघे बराच वेळ थांबले, पण बिल्लेवाला कुणी पुढे आला नाही. शेवटी विजयाबाईंनी चौकशीच्या खिडकीवर विचारले, "आमच्यासाठी कोण आहे?"

खिडकीतल्या मुलीला कळायला वेळ लागला. आपल्याकडे अशी पद्धत नाही, ती म्हणाली. इथे कुणीही चोरी करतो, तेव्हा सामान सांभाळा.

"म्हणजे ओळख ना पाळख, आणि कुणीही खिशात हात घालणार?" हसबनीस म्हणाले.

"हो," मुलगी म्हणाली.

चर्चसमोरच्या गर्दीत एका तरुणाने विजयाबाईंना धक्का दिला आणि तो त्यांची छत्री घेऊन पळाला. हसबनीस त्याच्यामागे धावले नाहीत. दोघे जवळच्या बाकावर बसले.

"त्यानं साधं नावसुद्धा विचारलं नाही," विजयाबाई म्हणाल्या.