न बुडालेलं अस्वल

चित्रपट संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना वडिलांच्या पलंगाखाली खजिना सापडला, तो झुरळांचं औषध मारताना. पत्र्याचे सहा डबे, आणि त्यांत अस्वलाच्या पिल्लाच्या त्या जुन्या, गाजलेल्या कार्टून चित्रपटाची पहिली प्रिंट! वडील थिएटरात सिनेमाचं मशीन चालवणारे ऑपरेटर होते. चित्रपट पुरवणारी कंपनी बुडाली, मागोमाग थिएटर बंद पडलं, आणि डबे न्यायला कोणी आलंच नाही.

बाई प्रमुख होत्या खऱ्या, पण प्रभारी. सहा वर्षं हा शब्द दारावरच्या पाटीला गोचिडासारखा चिकटून होता. काहीतरी ठोस शोध लावा, मग कायम करू, असं समितीनं सांगून ठेवलं होतं. शोध पलंगाखाली असतात हे त्या बिचाऱ्या समितीला तरी काय ठाऊक!

प्रिंट तपासली आणि बाई खुर्चीतून उडाल्याच. जगात उरलेल्या सगळ्या प्रती नंतरच्या. त्यांत पिल्लू ओंडक्यावरून नदीत पडतं. या प्रिंटमध्ये ते ओंडक्यावर पाय ठेवतं आणि पुढच्याच क्षणी काठावर ओलंचिंब होऊन अंग झटकत बसतं. पडणं नाहीच!

"म्हणजे नदीचा प्रसंग मागाहून घुसडलाय!" बाई म्हणाल्या. "मी लहानपणी केबिनमध्ये बसून पन्नास वेळा बघितलाय हा सिनेमा. पिल्लू पडायचं नाही. मी स्वतः साक्षीदार आहे!"

"अगं, पण माझं ऐक तरी," वडील म्हणाले.

"बाबा, तुम्ही चहा घ्या. हे संशोधन आहे."

समितीतल्या प्राध्यापकांनी साठ पानांचा अहवाल लिहिला. पडणं न दाखवता ओलेपण दाखवणं म्हणजे दुःखाचं कारण लपवून फक्त दुःख दाखवणं, असा त्याचा मथितार्थ. एका सदस्यानं भीत भीत विचारलं, "पण सर, ते भिजलं कशानं?"

"हा प्रश्न तुम्हाला पडला, हेच दिग्दर्शकाचं यश!"

सगळ्या सदस्यांनी मान डोलावली. अहवालावर त्यांचीही नावं होती ना!

इकडे वडिलांच्या घशाखाली घास उतरेना. तो तुकडा त्यांनी स्वतः कात्रीनं कापला होता आणि तो आजही कपाटात पावडरच्या डब्यात होता. आयुष्यात एवढी एकच लबाडी केलेली, आणि तिचे आता साठ छापील पानं भरून गोडवे! खरं बोलावं तर पोरीची खुर्ची जाते, गप्प बसावं तर मन खातं. दोनदा सांगायला गेले. एकदा बाई फोनवर होत्या, एकदा मुलाखत देत होत्या.

शेवटी प्रिंट जाहीरपणे दाखवायचं ठरलं. जुनं मशीन चालवणारा माणूस गावात एकच उरला होता, म्हणून केबिनमध्ये वडीलच बसले. येताना पावडरचा डबा पिशवीतून घेऊन आले होते. एकदा रीळ हातात आल्यावर कोण ऐकतो!

सभागृह खच्चून भरलं होतं. पिल्लानं ओंडक्यावर पाय ठेवला. प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाले, "आता बघा हं, पडणार नाही."

पिल्लू धपकन नदीत पडलं.

"बाबाऽऽ! बंद करा ते!" पहिल्या रांगेतून किंकाळी आली. संग्रहालयाच्या प्रभारी प्रमुख तोंडावर पदर घेऊन ढसाढसा रडत होत्या.

दिवे लागले. केबिनच्या खिडकीतून वडिलांचं डोकं बाहेर आलं. "तुकडा मीच कापला होता, आज मीच जोडला. हिची आई दवाखान्यात होती तेव्हा, ही चार वर्षांची. रोज केबिनमध्ये आणायचो. पिल्लू पडलं की अशीच रडायची, जेवायची नाही. मग काय करणार? टाकलं कापून. तिची काही चूक नाही, तिनं बघितलं तेच सांगितलं."

बाईंनी डोळे पुसले आणि वर खिडकीकडे बघत राहिल्या. खुर्ची गेली, हे त्यांना कळून चुकलं होतं.

समितीची बैठक तिथल्या तिथे बसली. प्राध्यापकांना साठ पानांची काळजी, बाकीच्यांना अहवालावरच्या आपापल्या नावांची. अर्ध्या तासात निर्णय झाला. मुलीसाठी बापानं कापलेली प्रिंट जगात दुसरी नाही, सबब हा शोध अद्वितीय असून बाईंना कायम करण्यात यावं. मात्र आज बसवलेला तुकडा म्हणजे ऐतिहासिक वस्तूत केलेला हस्तक्षेप आहे. तरी प्रिंट तातडीनं पूर्ववत कापून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी वडील सही-शिक्क्याचा कागद खिशात ठेवून कात्री घेऊन बसले. "चाळीस वर्षांपूर्वी चोरून कापलं, आता सरकारी हुकमानं," ते पुटपुटले.

कायम प्रमुख बाई शेजारी स्टुलावर बसल्या. 'फिल्मला हात लावू नये' ही पाटी त्यांच्या डोक्यावरच होती.

"बाबा, मी डोळे मिटते," त्या म्हणाल्या. "कापून झालं की सांगा."