डोक्यावरून फिरलेले हिरे

भाईंदर ते मिरा रोड या पट्ट्यातले बरेचसे सराफ मला चेहऱ्याने नाही, डोक्याने ओळखतात. त्यांच्या दुकानांतले हिरे माझ्या केसांतून फिरले आहेत. गोल फिरले, लांबट फिरले, चौकोनीही फिरले. यात माझा काही स्वार्थ नव्हता. माझं लग्न होऊन पोरं कॉलेजात गेली. मी घाग काकांचा शेजारी आहे आणि पन्नाशी उलटली तरी माझ्या डोक्यावर दाट केस आहेत, एवढाच माझा गुन्हा.

घाग काका भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे, उमेदीची वर्षं गेली परळला, आणि बायको वारल्यावर मुलाला घेऊन इकडे आले. एका कंपनीत स्टोअरला होते. आलेला माल तपासून आत घ्यायचा, हे त्यांचं काम. पुढे कंपनी बंद पडली, पण तपासणी काही थांबली नाही. कुठलीही वस्तू समोर ठेवा, काका ती उलटीसुलटी करून बघणार आणि म्हणणार, "दिसायला ठीक. वापरात कशी आहे ते बोला."

हे नुसतं बोलणं नव्हे. खुर्ची घ्यायला गेले तेव्हा दुकानातच तिच्यात बसून त्यांनी अख्खा पेपर वाचला, शब्दकोड्यासकट. छत्री घेतली ती शेजारच्या दुकानाच्या गळक्या एसीखाली उभं राहून. आमच्याकडे नवा मिक्सर आला तेव्हा पहिली चटणी काकांनी वाटली आणि 'आवाज जास्त, चटणी कमी' असा शेरा मारून घरी गेले. माझी बायको तेव्हापासून त्या मिक्सरकडे जरा संशयानेच बघते.

तर अशा काकांच्या मुलाचं, निखिलचं, लग्न ठरलं. मुलगी घोडबंदरची, नाव श्रुती, शाळेत शिकवते. साखरपुड्याला मुलीच्या बोटात घालायची अंगठी मुलाकडच्यांनी घ्यायची असते. काकांनी जाहीर केलं, अंगठी मी बघणार. श्रुतीने आपली आवड फोटो पाठवून कळवली होती. लंबगोल हिरा, आणि तो सोन्याच्या चार बारीक नख्यांनी उंच उचलून धरलेला. निखिलने तो फोटो काकांना फॉरवर्ड केला आणि सुटलो समजून कामावर गेला. मी व्हीआरएस घेऊन घरी बसलेला. "जा हो, एकटे कुठे फिरणार ते," बायको म्हणाली. मी गेलो.

पहिल्याच दुकानात काकांनी अगदी फोटोतल्यासारखी अंगठी मागून घेतली, करंगळीच्या टोकावर अडकवली, आणि मला काही कळायच्या आत हात माझ्या कपाळापासून मानेपर्यंत केसांतून ओढला. मी कळवळलो. "अडकते," एवढंच म्हणून काकांनी अंगठी काउंटरवर ठेवली आणि उठले. सेल्समन आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, हा काय प्रकार. काकांनी स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं. कानांमागे थोडी पांढरी झालर सोडली तर तिथे तपासणीला लागेल असं काही शिल्लक नव्हतं. म्हणून तुम्हाला आणलं, ते म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.

त्यानंतर आमची वरात रोजच निघू लागली. मेट्रोच्या पुलाखालची धूळ खात, सिग्नलला रिक्षात शिजत, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात. दुकानात शिरलं की गार वाटायचं, तेवढंच सुख. फुकटचा चहा पिऊन पिऊन मला ॲसिडिटी झाली. प्रत्येक ठिकाणी तीच मखमली गादी, तोच दिवा, तेच "बैठो काका, आराम से देखो." काका आरामातच बघायचे, घाम मला फुटायचा. बदामाच्या आकाराचा हिरा बघून ते म्हणाले, बदाम पत्त्यांत बरा. थेंबाच्या आकाराचा बघितल्यावर त्यांना नाक पुसायचं राहिलेलं पोर आठवलं. चौकोनी हिऱ्याचे कोपरे त्यांनी माझ्या भांगात दोनदा घालून बघितले. एक सराफ शेवटी वैतागून म्हणाला, "काका, ये सॉलिटेअर है, कंगवा नहीं." काका शांतपणे म्हणाले, "दिखने को ठीक है. वापरने को कैसा है वो बोलो."

त्यांना स्वतःला पसंत पडली होती ती बंद कोंदणाची अंगठी. गोल हिरा, सगळ्या बाजूंनी सोन्याच्या कडेत बसवलेला, वर काही टोचणारं नाही. ती केसांतून अशी सुळकन जायची की मलासुद्धा बरं वाटायचं. पण घरी फोटो दाखवला की निखिल मान हलवायचा. "बाबा, तिने आपल्याकडे एक गोष्ट मागितलीय. पहिल्याच गोष्टीला नाही बोलायचं?" काका मोबाईल खाली ठेवायचे. सकाळी आमची बेल मात्र वाजायची. साखरपुडा जवळ येत चालला होता आणि नख्या असूनही न अडकणारी अंगठी पृथ्वीतलावर नव्हती. हे काकांना सोडून सगळ्यांना कळलं होतं.

मग माझी फजिती झाली. त्या दिवशी सकाळीच मी केसांना कलप लावला होता. नीट वाळायच्या आत काका दारात हजर. दुकानात त्यांनी अंगठी केसांतून फिरवली, सेल्समनने ती पांढऱ्या फडक्याने पुसली, आणि फडकं काळं झालं. शेजारी बांगड्या बघत बसलेल्या तीन बायका माझ्याकडे वळल्या. सेल्समन सभ्य होता, त्याने फडकं गुपचूप घडी करून खाली ठेवलं. मी तडक बाहेर पडलो.

समोरच्या टपरीच्या बाकावर काका माझ्या शेजारी येऊन बसले. मी खरंच थकलो होतो. आता मी येणार नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पोरीला हवी ती घेऊन टाका, केस तिचे, बोट तिचं, तुम्हाला काय करायचंय.

काकांनी चहा मागवला. चहा आला.

"आमच्या हिच्या बोटात होती तसली," ते म्हणाले. "लग्नातली. हिरा कसला, साधा खडा, पण नख्या वर आलेल्या. मी कामावरून आलो की ती डोक्यावरून हात फिरवायची. तेव्हा केस होते मला. अडकायचे. एकदा वैतागून बोललो, हात लांब ठेव तुझा."

मी त्यांचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

"तिने ठेवला लांब. रागाने नाही हो. मला दुखतं म्हणून. लग्नातली अंगठी ती काही काढणार नव्हती. आणि मला काय सुचलं नाही की बोलावं, ये, फिरव, दुखू दे. वर्षं गेली तशीच. मग तीच गेली."

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी ग्लास बाकाखाली ठेवला. "निखिलचे केस दाट आहेत," ते म्हणाले. "माझ्यावर गेलाय."

दुसऱ्या दिवशी बेल वाजायच्या आधीच मी चप्पल घालून उभा होतो. मला वाईट वाटत होतं, आणि एवढ्या साध्या गोष्टीसाठी हा माणूस सराफांच्या शिव्या खातोय, याचा थोडा रागही येत होता. एकदा निखिलला सांगून का टाकत नाहीत, असं मी रिक्षात विचारलं. आईबद्दल असलं काही पोराला सांगायचं नसतं, असं म्हणून काकांनी तोंड फिरवलं.

शेवटी निखिलनेच तोडगा काढला. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याने श्रुतीला आम्ही बसलो होतो त्या दुकानात पाठवलं आणि काकांना फोन करून कळवलं, आज जे काय ते ठरवून या. ती आली ती घामाघूम, खांद्याला तपासायच्या वह्यांची पिशवी. काकांना वाकून नमस्कार केला आणि पंख्याखाली बसून आधी घटाघट पाणी प्यायली. मुलगी मला आवडली.

काकांनी बंद कोंदणाची अंगठी आधीच काढून ठेवायला सांगितली होती. तिने ती घालून बघितली, छान आहे म्हणाली. मग शेजारची, नख्यांची, घातली. बोट जरा लांब धरून ती बघत राहिली आणि तिचा दमलेला चेहरा उजळला. काकांनी ते बघितलं. मीही बघितलं. काकांनी बंद कोंदणाची अंगठी हळूच सेल्समनकडे सरकवली.

"हीच घे," ते म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

"काका, निखिल बोलला, तुम्ही केसांतून फिरवून बघता. ही बघितली?"

मी सवयीने डोकं पुढे केलं. ती माझ्यासमोरून उठून काकांकडे गेली.

"अहो, माझ्याकडे कुठे आहेत आता," काका म्हणाले.

"आहेत की मागे. खाली करा डोकं."

काकांनी मान खाली घातली. तिने हात त्यांच्या कपाळावर ठेवला आणि टकलावरून मागे, कानामागच्या झालरीपर्यंत सावकाश नेला. शाळेतल्या पोरांना कुरवाळायची सवय असावी, हात अगदी हलका होता. काकांनी डोळे मिटले होते. झालरीपाशी एक पांढरा केस नखीत अडकलेला मला स्पष्ट दिसला. तो ताणला गेला आणि तुटला.

"अडकतंय का, काका?"

"नाही," काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. "परत एकदा बघ हवं तर."

सेल्समनने डबी उघडून हातात धरली होती. तो ती तशीच धरून थांबला, आणि श्रुतीने परत एकदा बघितलं.