दुरुस्तीच्या धंद्यात दुरुस्ती कशी टाळावी

यंत्रानं बिघडावं हा निसर्गाचा नियम आहे. ते दुरुस्त करून परत द्यावं, ही मात्र माणसाची घाई. संगणक दुरुस्तीच्या धंद्यात पडलेली बहुतेक तरुण मंडळी याच घाईपायी बुडतात. भूमशेजारच्या वाशीच्या बाजारातल्या 'अक्षरा कॉम्प्युटर्स'ची मालकीण नीरजा (बी.एस्सी., संगणकशास्त्र) हीसुद्धा पहिल्या वर्षी बुडतच होती. सकाळी आलेलं मशीन ती संध्याकाळी चालू करून द्यायची. गिऱ्हाईक तोंड पाडून घरी जायचं आणि पुन्हा दुकानाकडं फिरकायचं नाही.

नीरजाचा स्वभाव मुळातच घोर लावून घेणारा. गॅस बंद केलाय का हे ती तीनदा बघायची. झोपलेल्या अक्षराच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासायची (मुलगी सहा वर्षांची, ठणठणीत, आणि बोट लागलं की लाथ मारणारी). अशा बाईला गिऱ्हाईक नाराज का होतं, या विचारानं झोप कशी लागणार? ती बारकाईनं बघू लागली, आणि तिच्या ध्यानात आलं की मशीन आणणाऱ्या फार थोड्या लोकांना ते दुरुस्त हवं असतं. बाकीच्यांना ते 'दुरुस्तीला टाकलेलं' हवं असतं.

हिंमतरावांचंच घ्या. ते एका सोसायटीचे चेअरमन. सोसायटीचा अहवाल मशीनमध्ये, मशीन दुकानात. म्हणून अहवाल नाही, म्हणून सभा नाही, म्हणून निवडणूक नाही, म्हणून चेअरमन हिंमतराव. लोकशाही इतकी सुटसुटीत करून कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. रामहरी मास्तरांच्या मुकुलनं लॅपटॉप टाकला, कारण त्यात त्याच्या लग्नाचा बायोडाटा होता आणि त्याला लग्न नको होतं. दैवशालाबाईंनी तर घरून नोकरी करणाऱ्या सुनेचं धडधाकट मशीन आणलं. म्हणाल्या, "राहू द्या ताई इथंच. तेवढ्याच चार भाकरी थापंल."

या अभ्यासातून नीरजानं धंद्याचे काही नियम काढले. ते होतकरूंनी पाठ करावेत. 'आज होईल' हे शब्द तोंडातून काढू नयेत. 'पार्ट पुण्याहून यायचाय' म्हणावं. पार्ट आलाच तर तो चुकीचा आला म्हणावं. 'मदरबोर्ड' हा शब्द हळू आवाजात, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा उच्चारावा. खंडेनवमीच्या पूजेत उधळलेलं हळदकुंकू पंख्यातून आत गेलेलं असतं (आपल्या जिल्ह्यात निम्मे बिघाड याच श्रद्धेचे). ते गिऱ्हाइकाला कधीही सांगू नये, कारण ते देवाचं असतं. 'डस्ट' म्हणावं. डस्ट कुणाचीच नसते.

दुकान भरभराटीला आलं. भिंतीला नवे कप्पे ठोकावे लागले.

मग जून आला, आणि अक्षराच्या पहिलीच्या प्रवेशाला जन्माचा दाखला लागला. शाळेनं शनिवार ही शेवटची तारीख दिली. नीरजा दाखले देणाऱ्या कार्यालयात गेली. (कार्यालयाचं नाव घेत नाही, त्याला कामाशिवाय दुसरा कसलाही त्रास नाही.) तिथले सिद्धलिंग भाऊसाहेब पेपर वाचत होते.

"दाखला न्हाय मिळायचा, ताई. मशीन दुरुस्तीला गेलंय."

"कुठं?"

"तुमच्याकडंच की!"

नीरजाचा चेहरा उतरला. मधल्या कप्प्यात, रुमाल पांघरून तिनंच ते ठेवलं होतं. "मग संध्याकाळपर्यंत करून देते, भाऊसाहेब."

सिद्धलिंग दुखावले. "असं कसं करता? वर लेखी कळवलंय आमी. पयले हितं रोज रांग, रोज भांडणं. आता माणसं येत्यात, पाटी वाचत्यात, च्या पिऊन जात्यात. कुणाचा कुणाला तरास न्हाय. चांगलं चाललेलं बिघडवू नका."

घरी सासूबाई, द्वारकाबाई, भाजी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "दुकानात ढीगभर कॉम्प्युटर, अन् पोरीचा एक कागद निघंना. व्हय गं, शिकून हेच का केलंस?"

नीरजाला जेवण गेलं नाही. दाखला नाही म्हणजे पहिली नाही. पहिली नाही म्हणजे दुसरी नाही. हा हिशेब करत करत ती पोरीच्या म्हातारपणापर्यंत पोचली. सकाळी तिनं धंद्याचं पहिलं पाप केलं. मशीन उघडलं, रॅमची पट्टी काढली, तिच्यावरचं कुंकू अक्षराच्या खोडरबरानं घासलं आणि पट्टी परत बसवली. चहा निवायच्या आत पडदा उजळला.

मशीन कडेवर घेऊन ती कार्यालयात शिरली, तेव्हा तेराव्याचं जेवण झाल्यावर मयत माणूस दारात उभा राहावा तसे भाऊसाहेब बघत राहिले. पण शाई होती, कागद होता, वीजही होती. नाइलाज झाला. दाखला निघाला.

चालू मशीनचा एक मोठा दोष असतो: ते चालतं. दुपारपर्यंत कार्यालयात रांग लागली, आणि संध्याकाळी नीरजाच्या दुकानापुढं शिष्टमंडळ आलं. पुढं गुंडाप्पा नावाचे गृहस्थ होते.

"पोरी, काय केलंस हे? आमच्या म्हाताऱ्याच्या मयताचा कागद निघंना, म्हणून वाटणी थांबली व्हती. चौघं भाऊ एका पंगतीला जेवत व्हतो. आज थोरल्यानं कागद काढला. दुपारच्याला घरात तीन चुली पेटल्या!"

"चौथी?" नीरजानं काळजीनं विचारलं.

"माझी. मी हितं आलोय न्हवं का!"

हिंमतरावांनी घसा साफ केला. "ताई, तुमच्या हुशारीबद्दल आमची तक्रार नाही. भरवशाचा प्रश्न आहे. आज त्यांचं केलंत, उद्या आमचं कराल. भूमला एक जण आहे. त्याला काहीच येत नाही. फार नाव आहे त्याचं."

अंधार पडायच्या आत कप्पे रिकामे झाले. मुकुल तर लॅपटॉप छातीशी धरून पळाला.

शनिवारी नीरजा दाखला आणि अक्षरा, दोन्ही घट्ट धरून शाळेत गेली. मुख्याध्यापिका चारुशीलाबाईंनी दाखला उलटसुलट करून पाहिला, कौतुक केलं आणि म्हणाल्या, "पण प्रवेश कॉम्प्युटरवर असतात. आमचं मशीन दुरुस्तीला आहे."

"माझ्याकडं तर नाही, बाई."

"होतं ना. तुम्ही दुरुस्त करता असं कळलं, म्हणून परवाच भूमला हलवलं."

 नीरजा रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, हातानं लिहा ना नाव."

चारुशीलाबाई दचकल्या. ही सोय त्यांना कुणी सुचवलीच नव्हती. त्यांनी पेन शोधलं, झटकलं, आणि अक्षराचं नाव लिहिलं. प्रवेश झाला. (बाईंनी हात जोडून विनंती केली की हे बाहेर कुठं बोलू नका.)

नीरजा शहाणी झाली. आता दुकानाला दोन दारं आहेत. एकावर लिहिलंय, 'इथे मशीन ठेवून घेतले जाईल'. दुसऱ्यावर, 'इथे दुरुस्त करून मिळेल'. दुसऱ्या दाराला घंटी आहे. ती अजून कुणी वाजवलेली नाही. पहिल्या दाराशी गर्दी मावत नाही. हिंमतरावही परत आलेत. भूमच्या माणसाच्या हातून एक मशीन चुकून चालू झालं, म्हणे.

वाशीची माणसं अशीच, म्हणून आपण वाचता वाचता हसलात. हसा. आपण ठेवून गेलेलं मशीनही तिथंच आहे. आणि मागच्या आठवड्यात आवाज बदलून फोनवर जे विचारलं होतंत, त्याचं उत्तर नीरजानं कळवायला सांगितलंय: नाही, अजून कुणी हात लावलेला नाही, निश्चिंत असा.