नाव घ्या, गोदूबाई

खोपोलीतल्या त्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात वायफायचा पासवर्ड सहा वर्षं एकच होता, आणि तो समोरच्या वडापाववाल्यालाही पाठ होता. म्हणून संगणक सांभाळणाऱ्या अजेयने विडा उचलला. मंगळवारपासून ज्याचं त्याचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. तीनदा चुकलात की दिवसभर कुलूप! अकरा वाजता अध्यक्षा पद्मजाताई स्वतः बघायला येणार होत्या. सगळं धड चाललं तर अजेयची कंत्राटी नोकरी पक्की होणार होती. गड्याला सोमवारी आनंदाने जेवणही गेलं नाही.

"पासवर्डात एक चिन्ह हवं," त्याने सगळ्यांना बजावलं.

लोधिवलीचे दशरथ कारकून म्हणाले, "आमच्या पॅनलचं कपबशी हाय. चालंल?"

"ते चिन्ह नव्हे हो, काका."

"मंग काय इरोधकांचं टाकू?"

चहा करणाऱ्या गोदूबाईंना टाइप करता येत नव्हतं. अजेयने त्यांना फोनवर बोलायचं बटण दाखवलं. "लांबलचक असलं की चिन्हबिन्ह लागत नाही. कुणाचं तरी नाव घ्या त्यात. फक्त कोणाला ऐकू जाता कामा नये."

"नाव घेऊ?" गोदूबाई लाजून अर्ध्या झाल्या. चहाच्या खोलीत शिरल्या, आतून कडी लावली आणि पाच मिनिटांनी पदर सावरत बाहेर आल्या. "घेतलं बाय एकदाचं."

मंगळवारी साडेदहापर्यंत झाडून सगळे कुलपात अडकले. दशरथकाकांनी तर तिन्ही वेळा कपबशीच टाकली होती. अजेय निवांत होता, कारण सगळ्यांची कुलपं त्याच्या खात्यातून उघडता येत होती. पण पद्मजाताई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्याची बोटं भलत्याच अक्षरांवर पडायला लागली. एकदा चुकलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्याने लावलेलं कुलूप त्यालाच लागलं.

"म्हणजे आता कोणाचंच चालत नाही?" ताईंनी विचारलं. अजेयने मान हलवली. गेली नोकरी.

"माजं ऱ्हायलंय," ट्रे घेऊन उभ्या गोदूबाई म्हणाल्या. "पन चारचौघांत नाय घ्यायची मी. सायबच बोललेत, कोनाला ऐकू जाऊ द्यायचं नाय."

"घ्या हो, गोदूबाई," अजेय रडकुंडीला आला. "पाया पडतो."

गोदूबाईंनी ट्रे ठेवला, डोक्यावर पदर घेतला, फोन तोंडाशी धरला.

"बोरघाटात धुकं दाट, वळणावर वळण,
मालोजीरावांना वाढते भाकरी नि कालवण."

फोनवर हिरवी खूण उमटली! सगळ्या कार्यालयाने टाळ्या पिटल्या. पद्मजाताई हसून हसून खुर्चीत बसल्या. "असा पासवर्ड कुठल्या चोराला सुचणार? अजेय, तुमची नोकरी पक्की."

अजेय हवेत तरंगत जागेवर आला. बारा वाजता त्याने संगणकात पाहिलं, तर गोदूबाईंच्या एकट्या खात्यावर एकोणचाळीस फोन जोडलेले. लेखा विभागात कोणीतरी घाटातल्या धुक्यात शिरलं होतं. दशरथकाका जिन्यात उभे राहून मालोजीरावांना भाकरी वाढत होते. सहा वर्षांचा जुना पासवर्ड गेला आणि त्याच्या जागी नवा आला, एवढाच काय तो फरक.

हे थांबवायला हवं होतं. पण घरी आईला नोकरीची बातमी कळवायची होती, आणि त्याचं स्वतःचं खातं उद्यापर्यंत बंद. अजेयने इकडेतिकडे पाहिलं, फोन तोंडाशी धरला आणि बोरघाट ओलांडून हळूच म्हणाला, "मालोजीरावांना वाढते भाकरी नि कालवण."

दारात गोदूबाईंचा डबा घेऊन एक मिशाळ गृहस्थ उभे होते.

"वाढा की मंग," मालोजीराव म्हणाले. "सकाळपास्नं समदेच वाढत्यात."