टेलरबाईंचं गुपित कोणी फोडलं?

माझी नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि बुद्धी... बुद्धीबद्दल घरात मतभेद आहेत. पाटीवर एवढं सगळं मावत नाही, म्हणून दारावर फक्त 'खासगी गुप्तहेर' असं लिहिलंय. आजवर मी एकोणतीस प्रकरणं हाताळली. त्यांतली सव्वीस आपोआप सुटली, दोन अशिलांनी स्वतःच सोडवली आणि एका प्रकरणात हरवलेली छत्री माझ्याच घरी सापडली.

माझ्या मदतनीस म्हणजे माझ्या सासूबाई. माझं अक्षर मलाच लागत नाही, त्यांचं मात्र मोत्यासारखं. म्हणून रोज सकाळी दहाला मी खिडकीपाशी येरझाऱ्या घालत टिपणं सांगतो आणि त्या वहीत उतरवून घेतात. त्यांना जरा कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते किरकिर करतं म्हणून बटणांच्या डब्यात पडून असतं.

त्या दिवशी समोरच्या टेलरबाई आल्या. पंधरा दिवसांपूर्वीही आल्या होत्या, परीक्षेचं प्रवेशपत्र हरवलं म्हणून. मी त्यांच्या दुकानातल्या फरश्या मोजत असताना ते त्यांनाच शिलाई मशीनच्या खणात सापडलं. तेव्हा त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं, की पन्नाशीत दहावीला बसतेय. याआधी दोनदा गणितात उडाल्या होत्या. मुलगी शाळेत शिक्षिका, पण तिलाही पत्ता नव्हता.

"आता सगळ्या गल्लीला कळलंय," त्या म्हणाल्या. "पँट आखूड करायला आलेला माणूस मला प्रमेय समजावून गेला!"

"आणि मुलीला?"

"ती गुरुवारी येतेय राहायला. पास झाले तर मीच सांगणार होते तिला. पण आधीच तिच्या कानावर गेलं आणि पुन्हा उडाले, तर तिला तोंड कसं दाखवू? गुपित फोडणारा सापडला नाही तर मी परीक्षेलाच बसत नाही."

त्यांनी पिशवीतून नागरिकशास्त्राचं पुस्तक काढलं. "हे बघा, धडा सहावा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. जगण्याचा हक्क आहे ना, त्याच्या पोटातच हा येतो. सरकारनंसुद्धा उगाच नाक खुपसायचं नाही. पाठ केलाय मी धडा."

"बाई, त्या हक्काचा रक्षक तुमच्यासमोर बसलाय."

त्यांनी मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं.

आता एखाद्या सामान्य माणसानं गल्लीत जाऊन सरळ विचारलं असतं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" मी सामान्य नाही. मी तर्क करतो.

पहिला तर्क असा, की बाईंच्या दुकानातल्या दिव्यात चोरून ऐकण्याचं यंत्र लपवलंय. मी दिवा सोडवला. आत दोन मेलेल्या माश्या निघाल्या आणि फ्यूज उडाला. दुसरा संशय पोस्टमनवर. तो सतत शीळ घालतो, आणि इतकी बेसूर शीळ कोणी निष्पाप मनानं घालणार नाही. त्याच्या थैलीत डोकं घातलं तेव्हा त्यानं ती तशीच बंद केली. नाकावर अजून वळ आहे. शेवटी मी वरच्या मजल्यावरच्या कारकुनांकडे वळलो. हा माणूस पाऊल न वाजवता चालतो, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय! किल्लीच्या भोकातून पाहिलं. ते केसांचा टोप गुडघ्यावर ठेवून विंचरत होते.

एकीचं गुपित राखायचं म्हणून मी दुसऱ्यांच्या थैलीत आणि दारात डोकावत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. बुधवारी सकाळी दहाला मी सगळं सासूबाईंना सांगत होतो.

"काय म्हणालात, जावईबापू?"

"टोप! कारकुनांना टोप आहे! केसांचा!"

थोड्याच वेळात टेलरबाई पुन्हा आल्या. "उद्या पोरगी येतेय. सापडला का?"

"वर्तुळ आवळत आणलंय."

"किती?"

"अजून तसं मोठंच आहे."

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली सलून आहे. "गणिताचा पेपर कधी, असं पहिल्यांदा या सलूनवाल्यांनीच विचारलं होतं मला," असं म्हणून त्या तडक जिना उतरल्या. मी मागोमाग. वस्तऱ्यावरचे ठसे घ्यावेत असा माझा विचार होता, पण बाईंनी सरळ विचारून टाकलं, "दादा, माझ्या परीक्षेचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यांनीच की!" सलूनवाल्यानं वस्तरा माझ्याकडे केला. "रोज दहाला. साहेबांचा आवाज खणखणीत आहे. गिऱ्हाईकं वेळ साधून येतात, दाढी झाली तरी उठत नाहीत. आजचं टोपाचं तर..."

तो मध्येच थांबला. खुर्चीत, साबणाच्या फेसामागे, कारकून बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्या क्षणी फार लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा गुन्हेगार माझ्या इतका जवळ होता आणि मला तो पकडावासा वाटत नव्हता.

बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी बाहेरचा चोर शोधत होते."

मग फेसातून आवाज आला, "बाई, परीक्षेला बसा. गणित मी घेतो तुमचं. दार लावून."

"आणि किल्लीच्या भोकात कापूस घालून," सलूनवाला म्हणाला.

मुलगी आली, आठ दिवस राहिली, गेली. गल्लीतलं एकही माणूस परीक्षेबद्दल तिच्यापाशी बोललं नाही. बाई परीक्षेला बसल्या. निकालाच्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, खिडकी स्वतःच्या हातानं लावली आणि निकाल माझ्या कानात सांगितला.

"मला का सांगताय?" मी विचारलं.

"तुमच्यावर विश्वास नाही म्हणून. आता ही तुमची परीक्षा."

त्या गेल्या, तशा सासूबाई कानात यंत्र घालून, वही उघडून बसल्या. "सांगा जावईबापू. पास की नापास?"

"आई, वही मिटा."

पोस्टमनही विचारून गेला, बायको तर रोज विचारते. आता तुम्हीही विचाराल. निकाल मला माहीत आहे. तो बाईंचा आहे, आणि कोणाला सांगायचा ते त्या ठरवतील. तीन महिने झाले, माझी परीक्षा अजून चालू आहे.